बेंबीवरचं माप

ईली, मिनेसोटा
६ ऑक्टोबर १९९७

लेम्पी,

तुझ्या नातीच्या, ऐनाच्या लग्नाचे फोटो मिळाले. फोटोवाल्याला मानलं पाहिजे, त्याने तुला एका फोटोत माववलं. नवरा-नवरी डाव्या कोपऱ्यात आहेत, उरलेल्या जागेत माझी धाकटी बहीण. सिग्ने म्हणते, बहिणीला असं लिहू नये. मी म्हटलं, बायको म्हणून पन्नास वर्षं ऐकतेस, अजून माझी भाषा कळली नाही का तुला?

असो. कामाचं बोलतो. फेब्रुवारीत आपल्या फिनिश लोकांच्या मंडळाची स्कीची शर्यत आहे. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आणि ही माझी पंचविसावी. पंधरा किलोमीटर, एकही वर्ष चुकवलं नाही. खाणीत संप होता त्या वर्षीसुद्धा धावलो. यंदा नवं थेर काढलंय, सत्तरीपुढच्यांनी फॉर्म भरायचा. वजन, कंबर, डॉक्टरची सही. भरला. वजन एकशे बाहत्तर पौंड, नौदलातून सुटलो त्या दिवशी होतं तेवढंच. कंबर चौतीस. १९५२ पासून चौतीसचीच पँट घालतोय. मंडळात असा दुसरा माणूस दाखव.

तर पंचविसाव्या शर्यतीसाठी नवी लोकरी पँट शिवून पाठव. करडी. माप तेच, चौतीस. आणि जरा डोळे उघडे ठेवून शीव. गेल्या दोन पँटी तू तंग कंबरेच्या केल्यास, वरचं बटण लागत नाही. म्हातारपणी हात चुकतो, मी समजू शकतो.

तुझा सडपातळ भाऊ,
रेनो


कॅल्युमेट, मिशिगन
१४ ऑक्टोबर १९९७

रेनो,

नाचता येईना अंगण वाकडं! चाळीस वर्षं मी दुकानात बसून अख्ख्या गावाच्या नवऱ्यांचे सूट शिवले. एकाचं बटण तुटलं नाही. आणि आता माझा हात चुकतो?

ऐक, दीडशहाण्या. जुलैत तळ्यावर तू वाफेच्या सौनातून टॉवेल गुंडाळून बाहेर आलास तेव्हा मी धक्क्यावर बसले होते. हात काडीसारखे, पाय काडीसारखे आणि मध्ये एवढं टणक, गोल पोट. मला वाटलं, टॉवेलखाली कलिंगड लपवून आणलंयस. वजन तेच आहे म्हणतोस, असेल. नौदलातले खांदे कुठे गेले? मांड्या कुठे गेल्या? सगळं गळून पोटात जमा झालंय, आणि वजनकाट्याला ते कळत नाही, कारण काटा आंधळा असतो.

आणि चौतीसचं गुपित मला सांगतोस? मी शिंपीण आहे. पोट वाढलं की पुरुष पँट बदलत नाहीत, पट्टा खाली सरकवतात. पोटाखाली, हाडांवर. तिथे काय, मरेपर्यंत चौतीस. गावातला एकेक माणूस माझ्या टेपसमोर उभा राहून हीच बढाई मारून गेलाय.

आता तुला एक गंमत सांगते. आमच्या दवाखान्यात नवी डॉक्टरीण आली आहे, पोरसवदा. तिने मला काट्यावर उभं केलं, एकशे अठ्ठ्याण्णव पौंड. मी मान खाली घालून तयार, आता शिव्या बसणार. तर तिने टेप काढला. माझं ऐकून घे नीट: कंबर तेहतीस, बूड अठ्ठेचाळीस. रक्त तपासलं, साखर छान, रक्तदाब छान. म्हणाली, "बाई, तुमची चरबी मांड्यांवर, कातडीखाली आहे. ती तिथे गप्प बसून राहते. भीती पोटातल्या चरबीची. ती आतड्यांभोवती बसते, तिथून थेट यकृतात उतरते, रक्तात साखर चढवते, नळ्या बुजवते. बारीक दिसणारा माणूससुद्धा तिने जातो."

मला तुझीच आठवण झाली.

दोरी घे. श्वास सोड, पोट आत ओढू नकोस. बेंबीवरून दोरी फिरव, काप आणि पाठव. त्या मापाची पँट शिवते.

लेम्पी


ईली
२७ ऑक्टोबर १९९७

लेम्पी,

वा वा! मोठं बूड असणं ही आता आनंदाची बातमी झाली. अशी डॉक्टरीण मिळायला नशीब लागतं. सफरचंदाचा केक खाल्ल्याने आयुष्य वाढतं असंही तिच्याकडून लिहून घे, तेवढंच राहिलंय.

दोरी पाठवली आहे. मोज. चौतीस! आता तोंड बंद.

माझा फॉर्म आमच्या डॉक्टरने सही करून दिलाय. तो माझ्याबरोबर तीस वर्षं मासे धरतो. गाडीच्या बॉनेटवर ठेवून सही केली, शर्टाचं बटणसुद्धा काढायला लावलं नाही. म्हणाला, "रेनो, तुला काय धाड भरलीये?" याला म्हणतात डॉक्टर.

मी ठणठणीत आहे. तळघराच्या जिन्यात मध्येच थांबतो त्याचं सिग्नेने भांडवल केलंय. अगं, मी घर तापवायच्या भट्टीचा आवाज ऐकायला थांबतो, भट्टी जुनी झाली आहे. रात्री तांब्याभर पाणी लागतं ते खारवलेल्या माशामुळे. एक दात तेवढा छळत होता, खालचा, डावीकडचा. थंडीत चढण चढलो की ठणकायचा. गेल्या आठवड्यात उपटून टाकला. झालं, मिटलं.

पँट नाताळच्या आत पाठव. करडी.

रेनो


कॅल्युमेट
५ नोव्हेंबर १९९७

रेनो,

चोर तर चोर, वर शिरजोर. दोरीच्या मधोमध तपकिरी डाग पडलाय. वास घेतला, चामड्याला लावायचं तेल. म्हणजे तू दोरी पट्ट्यावरून फिरवलीस, पोटाखालून. बेंबी कुठे आणि पट्टा कुठे! शिंपिणीला दोरी पाठवून फसवायला निघालास, अरे, तुझ्यापेक्षा कावेबाज गिऱ्हाइकं मी कोळून प्यायले आहे.

आता हसणं पुरे, एक जुनी गोष्ट काढते. १९४३ सालचा उन्हाळा. मी सतरा वर्षांची. तळ्याच्या धक्क्यावर गावातली सगळी पोरं होती आणि मी पोहायला उतरत होते. तू सगळ्यांसमोर ओरडलास, "अरे, ऊन लागत असेल तर लेम्पीच्या मागे बसा, दहाजण मावतील." सगळे हसले. वाइनोही हसला, ज्याच्यावर माझं मन होतं तोच. त्या दिवसापासून मी तळ्यात पाय घातला नाही. चोपन्न वर्षं झाली. सौनात मी सगळ्या बायका निघून गेल्यावर एकटी जाते. तुला माहीत तरी होतं का?

पुढे जो डॉक्टर भेटला त्याने काट्याकडे बघून मला हाकललं. ऐनाच्या आईच्या लग्नाआधी मी दोन महिने उकडलेल्या कोबीवर काढले आणि मशीनवर बसल्या बसल्या चक्कर येऊन पडले. बूड गेलं नाही. आणि तू मांस भरलेल्या चार चार पेस्टी हाणून "मी एकशे बाहत्तर" म्हणत मिरवलास. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हा तुझा जन्मभराचा धंदा.

म्हणून आता माझं एकच म्हणणं. खरी दोरी पाठव. बेंबीवरची. खऱ्या दोरीशिवाय मी सुईत दोरा घालणार नाही, आणि खरी दोरी आली की त्याच दिवशी कापड कापीन. हा माझा शब्द.

लेम्पी


ईली
२० नोव्हेंबर १९९७

लेम्पी,

नको शिवूस. सिग्नेने दुकानातून आणली. चौतीस. बसते.

चोपन्न वर्षांपूर्वीचा विनोद उकरून काढायला तुला बरा वेळ मिळतो. सगळे हसले, कारण विनोद चांगला होता. तू माझी आई नाहीस. पुन्हा लिहू नकोस.

रेनो


कॅल्युमेट
९ डिसेंबर १९९७

रेनो,

लिहू नकोस म्हणालास म्हणून लिहिते.

मी तुझ्या मंडळाच्या सेक्रेटरीला पत्र टाकलं. हो, टाकलं. लिहिलं की रेनो लाहतीच्या फॉर्मवरचं कमरेचं माप खोटं आहे, ते पँटच्या लेबलवरून उतरवलंय. त्याला शर्यतीआधी नीट तपासून घ्या, त्याला दम लागतो. मला चहाडखोर म्हण, काय म्हणायचं ते म्हण.

त्याचं उत्तर आलं. मी ते दोनदा वाचलं आणि कपाळावर हात मारला. तो लिहितो, "बाई, प्रकृतीसाठी आम्ही वजन आणि डॉक्टरची सही बघतो. कंबर विचारली ती वेगळ्या कारणासाठी. ज्यांची पंचविसावी शर्यत आहे त्यांना मंडळातर्फे चामड्याचा पट्टा द्यायचाय, चांदीच्या बकलाचा. माप पट्टेवाल्याला हवं होतं. कृपा करून तुमच्या भावाला सांगू नका, त्याला आश्चर्याचा धक्का द्यायचा आहे."

कळलं का? अख्ख्या फॉर्मवर एकच आकडा तुझ्या जिवाशी नातं सांगणारा होता, तो त्यांनी चामडं कापायला विचारला! आणि तोही तू खोटा लिहिलास. दोन्हीकडचे शहाणे एकमेकांना शोभता.

मी सांगून टाकलं, तुझा धक्का गेला. हिशेब फिटला. दोरी पाठव.

लेम्पी


ईली
२६ जानेवारी १९९८

लेम्पी,

परवा, शनिवारी, मंडळाचं जेवण झालं. दीडशे माणसं. सेक्रेटरीने भाषण ठोकलं, पंचवीस वर्षं, पोलादी माणूस, वगैरे. मला स्टेजवर बोलावून पट्टा दिला. सुंदर पट्टा आहे. बकलावर स्की कोरल्यात आणि पंचवीसचा आकडा.

मी घातला, रोजच्या जागी. फोटोवाला म्हणाला, "बकल दिसत नाही, पोटाखाली गेलंय. जरा वर घ्या." मी वर घेतला. पुरेना. अजून ओढला. सेक्रेटरी एका बाजूने ओढतोय, फोटोवाला दुसऱ्या बाजूने, आणि दोन टोकांमध्ये वीतभर शर्ट दिसतोय. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, दुसऱ्या माणसाचा पट्टा जोडा त्याला!" दीडशे माणसं हसली. सिग्ने खाली बघत होती. ती हसली नाही.

मी घरी आलो आणि कोट न काढता स्वयंपाकघरात बसलो. लेम्पी, मला माहीत नव्हतं. तू सतरा वर्षांची होतीस, मी चौऱ्याहत्तरचा आहे, आणि मला आज सकाळी टपाल आणायलासुद्धा बाहेर जायची लाज वाटली. मी वाईट वागलो. एवढंच लिहितो, जास्त मागू नकोस.

सोबत दोरी आहे. बेंबीवरची, श्वास सोडून. सिग्नेने फिरवली, मी डोळे मिटून उभा होतो. मोज, पण आकडा मला कळवू नकोस.

सिग्नेने डुलुथच्या मोठ्या डॉक्टरची वेळ घेतली आहे, सतरा फेब्रुवारी. शर्यत चौदाला आहे, ती उरकली की जातो. दुकानाच्या पँटचं बटण कालच उडालं, तेव्हा तुझा शब्द पाळ. करडी.

आणि तो दंतवैद्य गाढव निघाला. त्याने भलताच दात उपटला. ठणका अजून आहे तिथेच आहे.

रेनो


कॅल्युमेट
३१ जानेवारी १९९८

रेनो,

एक्केचाळीस! सांगू नकोस म्हणालास म्हणून सांगितलं. बढाईच्या वर सात इंच.

तुझं पत्र वाचून मी रडले. आता ते सोड, नाहीतर डोक्यावर बसशील. दोरी आली त्याच दिवशी कापड कापलं आणि आज पार्सल टाकलं. करडी, दुहेरी लोकर. कंबर बेंबीवर येईल अशी उंच घेतली आहे, वर पट्टे लाव, खांद्यावरचे. कमरेचा पट्टा लागणारच नाही. मागच्या शिवणीत दोन इंच माया, म्हणजे जादा कापड, ठेवली आहे. डुलुथचा डॉक्टर तुझं पोट उतरवील तेव्हा मला आत घ्यायचीच आहे, पण तू म्हणजे तू, तेव्हा सैल करायलाही जागा हवी. चाळीस वर्षांत एवढी बरी पँट मी शिवलेली नाही.

दंतवैद्याकडून पैसे परत माग. आणि पुढच्या वेळी तोंड उघडण्याआधी त्याला बोटाने दात दाखव, तुझ्या तोंडात काय कुठे असतं ते देवालाही माहीत नाही.

शर्यतीत हळू जा. म्हाताऱ्यांना मागून यायची परवानगी असते. जुलैत मी तळ्यावर येणार आहे. हसलास तर याद राख.

लेम्पी


ईली
२० फेब्रुवारी १९९८

लेम्पी,

फोनवर मी तुला धड काही सांगू शकले नाही, आणि बर्फाने रस्ते बंद म्हणून तुला येता आलं नाही. म्हणून लिहिते.

तुझं पार्सल शर्यतीच्या चार दिवस आधी आलं. त्याने लगेच पँट घातली आणि आरशासमोर उभा राहिला. मला म्हणाला, "सिग्ने, मला श्वास घेता येतोय बघ." दहा वर्षांत प्रथमच त्याची पँट पोटावर नीट बसली होती. दिवसभर काढली नाही. मी म्हटलं, शर्यत सोड, आधी डॉक्टर. तो म्हणाला, "लेम्पीने एवढी चांगली शिवली, ती काय दवाखान्यात घालून जाऊ?"

अकराव्या किलोमीटरला, चढणीवर तो थांबला. मागून येणाऱ्या माणसाला म्हणाला, दात फार ठणकतोय. मग बर्फात बसला. तेवढंच. डुलुथपर्यंत नेलं, पण वाटेतच संपलं होतं. तिथल्या डॉक्टरने मला विचारलं, चढताना जबडा दुखायचा का? मी म्हटलं, दात दुखायचा, आम्ही उपटला. तो म्हणाला, तो दात नव्हता, हृदय होतं. रक्तात साखरही खूप निघाली. आमच्या त्या मासे धरणाऱ्या डॉक्टरला मी घरात पाऊल ठेवू दिलेलं नाही, नाहीतर माझ्या हातून काहीतरी होईल. तो प्रेतयात्रेला आला आणि म्हणाला, "पण वजन तर अगदी बरोबर होतं." त्या बावळटाला हेच सुचलं.

प्रेताला कपडे घालणाऱ्या कफनवाल्याने सूट मागितला. चौतीसचा, तोच त्याच्याकडे होता. बसेना. तो म्हणाला, आम्ही मागून कातरून घालतो, सगळ्यांचंच करतो, कुणाला दिसत नाही. मी म्हटलं, खबरदार कातर लावलीस तर. त्याच्या मापाचं एक कापड आहे घरात. तुझीच करडी पँट घालून नेला त्याला. लोक कुजबुजले. कुजबुजू देत.

तो मंडळाचा पट्टा टेबलावर पडलाय. सेक्रेटरी म्हणतो, काचेच्या पेटीत लावू. त्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही. काय करू?

सिग्ने


कॅल्युमेट
२६ फेब्रुवारी १९९८

सिग्ने,

तुझं काही चुकलं नाही. चुकले मी, आणि ते मी कुणाच्या दारात नेऊन टाकणार नाही.

तीन महिने मी त्याच्याशी दोरीवरून भांडले. त्याने त्याच्या पोटाचं खरं माप कबूल करावं, त्याने एकदा खाली बघावं, एवढंच मला हवं होतं. चोपन्न वर्षांचं उट्टं होतं ते, औषध नव्हतं. "खरी दोरी दे, मग पँट देते." डॉक्टरचा कागद दाखव मग पँट देते, असं का नाही लिहिलं मी? डॉक्टरणीने मला सगळं समजावलं होतं, चरबी कुठे बसते, कुठे उतरते, काय बुजवते. मी ते पाठ केलं, त्याला टोमणे मारायला. त्याने दातावर तीन ओळी लिहिल्या आणि मी त्यावर विनोद केला. त्याने दोरी पाठवली, मी जिंकले, आणि जिंकल्याच्या आनंदात त्याला शर्यतीची पँट शिवून दिली. उत्तम शिवली. काय करायचंय ते उत्तम!

आणि मला अजून त्याचा राग येतो. गाढव होता. तीन दिवस थांबला असता तर काय शर्यत पळून जाणार होती?

पट्टा काचेत लावू देऊ नकोस. त्या हॉलमध्ये तर नाहीच. ज्यांनी तो ओढून ओढून फोटो काढला त्यांना शोभा करायला तो मिळणार नाही. मला पाठव.

मी मघाशी टेप लावला. आपल्या घराण्यातली सगळ्यात जाडी बाई, जिच्या मागे दहाजण सावलीला बसणार होते तीच. कंबर तेहतीस. त्याचा चौतीसचा पट्टा मला बेंबीवर बसेल, पहिल्याच भोकात, आणि बोटभर जागा उरेल.

जुलैत येते. तोच पट्टा घालून धक्क्यावर येईन, आणि मग तो काढून तुझ्या हातात देऊन पाण्यात उतरेन. कोण हसतं ते बघू. हसणारा एकच होता, आणि तो हसला असता तर मला चाललं असतं.

लेम्पी